फडात टोळी उतरली की गावानं काय करावं

यंदा तुमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरेल, तेव्हा पहिल्या आठ दिवसांत काही कामं उरकून घ्या, एवढं सांगायला हे लिहितो आहे. ज्याच्या रानात ऊस उभा आहे तो शेतकरी, गावचा सरपंच, झेडपी शाळेतले गुरुजी आणि बाई, अंगणवाडीताई, आशाताई, रेशन दुकानदार, एवढ्याच माणसांच्या हातातली ही कामं आहेत. पैसा फारसा लागत नाही. थोडं लक्ष लागतं आणि दोन-चार हेलपाटे पडतात. मी ऊस पिकवणाऱ्या घरातला आहे, म्हणून हे बोलणं आपल्याच माणसांशी आहे आणि जरा स्पष्ट आहे.

गाळप हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर नाहीतर नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेवढ्या दिवसांसाठी बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराईतून, शेजारच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून, धाराशिवच्या भूम-वाशीतून, जालना-परभणीतून माणसं बिऱ्हाडासकट उठतात आणि सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ते पार बेळगावपर्यंत पसरतात. राज्यातल्या तोड मजुरांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात धरली जाते. मागं गावात म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्याजवळ ठेवता आली तर काही पोरं.

हे लोक का येतात, हे आपल्याकडं फार कुणी विचारत नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी आणि माती उथळ. खरिपाचं एक पीक साधलं तर साधलं, पुढं रानात काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर कोयता हाती घेणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. आपल्याकडं त्याच्या आधीपासूनच कारखाने उभे राहत होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याच्या मागोमाग नद्यांच्या काठानं आणि कालव्यांच्या कडेनं धुराडी उभी राहिली. साखरेच्या पैशातून आपल्या पट्ट्यात शाळा झाल्या, कॉलेजं झाली, दवाखाने आणि दूधसंघ झाले. आपल्या घरातली पोरं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली. या सगळ्याखाली जो ऊस आहे, तो वर्षानुवर्षं हातानं तोडला गेला. तोडणाऱ्याच्या घरात मात्र तिसरी पिढी कोयताच धरते आहे. एका भागाची भरभराट दुसऱ्या भागाच्या गरिबीवर इतकी वर्षं चालत आली, आणि त्या दोन्ही भागांतली माणसं एकाच बांधावर उभी असतात.

तोडणी म्हणजे नुसती अंगमेहनत, असं समजू नका. खालच्या कांड्यांत साखर जास्त असते, म्हणून ऊस जमिनीसरसा तोडावा लागतो. वर खुंट ठेवला तर वजन तुमचं जातं आणि खोडवा नीट फुटत नाही. पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, नाहीतर उतारा पडतो. त्यामुळं गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरावी लागते. हे काम नवरा-बायकोची जोडी करते आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात.

आता या कोयत्याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं आणि टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. चांगला कसलेला कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोन टन धरले तरी दोन माणसांचे मिळून ७३२ रुपये होतात, तेही पहाटे उठल्यापासून रात्रीची गाडी भरेपर्यंतचे. जोडीनं मुकादमाकडून लाखभर रुपये उचल घेतली असेल, तर ती फिटायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टनांनी १३७ दिवस. हंगाम तेवढाच असतो. म्हणजे तुमच्या रानात पहिला ऊस पडण्याआधीच त्यांची सगळ्या हंगामाची मजुरी खर्च झालेली असते: कुणाच्या आजारपणात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या बी-बियाण्यात. मध्ये एक दिवस ताप आला की खाडा पडतो आणि त्याचे पैसे बाकीत चढतात. कारखान्याचा पट्टा लवकर पडला तर उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या मागं यावं लागतं.

तुमची तक्रार मला माहीत आहे. ‘खुशाली’ दिल्याशिवाय कोयता लागत नाही, ड्रायव्हरला ‘एन्ट्री’ द्यावी लागते, मटणाचे पैसे वेगळे. चौदा-पंधरा महिने सांभाळलेला ऊस वाळत चाललेला दिसतो आणि माणूस मुकाट्यानं पैसे काढून देतो. ट्रॅक्टरवाल्यांचं दुखणं तर आणखी मोठं आहे. मुकादमानं लाखो रुपये उचलले आणि टोळीच आणली नाही, अशी फसवणूक झालेले आणि कर्जात बुडालेले वाहतूकदार गावोगाव आहेत. हे खरं आहे आणि त्यावर पोलिसांत तक्रारी व्हायलाच हव्यात. पण पैसे बुडवणारा मुकादम आणि कोपीत राहणारी बाई यांचा हिशेब एक करू नका. तुमची खुशाली टोळीत वाटली जाते तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं, ते एकदा विचारून बघा. दर कमी, उचल मोठी आणि हिशेब मुकादमाच्या वहीत, अशा व्यवस्थेत वरकड पैसे कुठून तरी काढायची ओढ राहणारच. मजुरी सरळ झाली तर तुमची खुशालीही सुटायची शक्यता आहे.

आणि तोडणीचे पैसे शेवटी कोण देतं? एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होऊनच बिल आपल्या खात्यावर येतं. म्हणजे देणारे आपणच. त्यातला किती भाग तोडणाऱ्याच्या हातात पडला, हे बिलावर कुठंच दिसत नाही. पैसे आपले आहेत तर ते विचारायचा हक्कही आपला आहे.

उचलीची बाकी आहे म्हणून कुणाला डांबून ठेवणं, पोराला ओलीस ठेवणं, मारहाण करणं, हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. तुमच्या रानाच्या कडेला असं काही चाललेलं दिसलं तर ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून पुढं जाऊ नका. तहसीलदाराला कळवा. गावातल्या माणसानं फोन केला की यंत्रणा हलते; परमुलखातल्या मजुराचा फोन बहुतेक वेळा कुणी उचलत नाही.

शाळेचं सगळ्यात आधी धरा, कारण तिथं उशीर झाला की वर्ष जातं. टोळी उतरली की गुरुजींनी आणि सरपंचांनी एका संध्याकाळी कोप्यांवर जाऊन सहा ते चौदा वयाची पोरं किती आहेत, ते लिहून घ्यावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं हे काम सोपं केलेलं आहे. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं सरलं आहे, यांतल्या कुठल्याही कारणानं प्रवेश नाकारता येत नाही. वयाला शोभेल त्या वर्गात मुलाला बसवायचं आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय केलेली आहे. कार्ड जवळ नसेल तर मुलाच्या मूळ गावच्या गुरुजींना एक फोन लावला की इयत्ता आणि हजेरी कळते. प्रवेश झाला की पोराला दुपारचं गरम जेवणही मिळतं, आणि कोपीवर दुपारी चूल पेटत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

पण नाव घातलं आणि पोर शाळेत गेलं, असं होत नाही. अडचण कुठं असते, ते सांगतो. आई-बाप पहाटे फडात जातात. कोपीत वर्षा-दीड वर्षाचं तान्हं असतं आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण असते. त्या मुलीला शाळेत आणायचं असेल तर आधी तान्ह्याची सोय लागते. म्हणून गुरुजी आणि अंगणवाडीताई एकत्रच कोप्यांवर गेले पाहिजेत. धाकटं अंगणवाडीत बसलं की थोरली शाळेत बसते. ज्या गावांत पोरांची नावं पटावर आहेत पण वर्ग रिकामे राहतात, तिथं आधी हे तपासा.

दुसरी अडचण अंतराची. पूर्वी कारखान्यांच्या आवारात आणि तळांवर साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांनी नियमित शाळेतच बसावं असं ठरलं, ते तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण तळ गावापासून तीन-चार किलोमीटरवर असेल आणि मध्ये उसाचं रान आणि ट्रॅक्टरांचा रस्ता असेल, तर सात वर्षांचं पोर एकटं कसं जाईल? सकाळी डेअरीवर दूध घालायला आपल्या मोटरसायकली आणि टेम्पो जातातच. दोघा-तिघांनी वाटून घेतलं तर पोरं शाळेपर्यंत पोहोचतात. स्कूलबसवाल्याला वाट थोडी वाकडी करायला सांगता येते. आणि वर्गात ‘ऊसतोड्यांची पोरं’ म्हणून त्यांना मागच्या कोपऱ्यात बसवू नका. आपल्या पोरांना घरी सांगा, त्यांना नावानं हाक मारा. एवढ्या एका गोष्टीवरून ते पोर दुसऱ्या दिवशी येतं किंवा येत नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलींकडं जास्त बारकाईनं बघा. कोयता म्हणजे जोडी, आणि जोडी झाली की पूर्ण उचल मिळते. त्यामुळं वयात येणाऱ्या मुलीचं लग्न लवकर उरकण्याकडं कल असतो. तिला एकटीला गावी ठेवायची भीती वाटते, हेही एक कारण आहे, आणि ती भीती खोटी नाही. आई-बापाला नावं ठेवून हे थांबत नाही. मुलगी शाळेत किंवा वसतिगृहात सुरक्षित आहे, याची खात्री मिळाली तर ते ऐकतात. लग्न ठरल्याचं कळलं आणि बोलून भागत नसेल, तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.

आता बायांविषयी, आणि हे जरा सविस्तर सांगतो.

तोडणारी बाई पहाटे तीन-चारला उठते. पाणी आणते, भाकरी थापते, पोरांचं आवरते आणि उजाडायच्या आत फडात असते. दिवसभर वाकून तोडणी, मग मोळ्या वाहणं, रात्री परत चूल. संडास नाही, न्हाणी नाही, बऱ्याचदा प्यायला स्वच्छ पाणीही नाही. पाळी आली तरी खाडा परवडत नाही. अशात अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते. सरकारी दवाखाना लांब आणि तिथं गेलं तर दिवस मोडतो. मग ती खासगीत जाते आणि तिला सांगितलं जातं की पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरं झालेली आहेत, दर महिन्याचा त्रास आहे, खाड्याची भीती आहे. ती तयार होते. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधारण सहा जणींत एक. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायाही होत्या. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करायची नाही, असा नियम केला गेला.

हे ऑपरेशन बीडमध्ये होतं, म्हणून तो बीडचा प्रश्न आहे, असं म्हणू नका. त्यामागचा आजार पाच-सहा महिने आपल्या शिवारात वाढतो. अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, पाळीचा अनियमितपणा यांतलं बरंचसं गोळ्या-औषधांनी बरं होतं, वेळेवर दाखवलं तर. आशाताईंनी गावातल्या घरांसारखीच कोप्यांची यादी करावी आणि आठवड्याला एक फेरी मारावी. बायांना मोकळेपणानं बोलता येईल अशी संध्याकाळची वेळ धरावी आणि पुरुषांना जरा बाजूला बसवावं. ज्या बाईला पिशवी काढायला सांगितलं आहे, तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला न्यावं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले तर कमी वयातच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हे तिला ऑपरेशनच्या आधी समजलं पाहिजे.

शेतकऱ्यानं करायचं ते आणखी सोपं आहे. विहिरीवरचा किंवा बोअरचा नळ त्यांच्यासाठी उघडा ठेवा. चार बांबू आणि जुनी ताडपत्री एवढ्यात न्हाणीचा आडोसा होतो. टोळी यायच्या आदल्या दिवशी तो उभा करून ठेवा. गावात सार्वजनिक शौचालय असेल तर त्याची किल्ली कुणाकडं असते, ते बायांना सांगा. कोप्यांजवळ एक दिवा लावून द्या. पोटुशी बाई दिसली तर मुकादमाला बजावून सांगा की तिला मोळी घेऊन फळीवर चढवायचं नाही. तुमच्या रानात तुमचं ऐकलं जातं. तिचं नाव उपकेंद्रात नोंदवून घ्या, जवळचं माता-बाल संरक्षण कार्ड दाखवलं की पुढच्या तपासण्या आणि लसी इथंच होतात. महिने भरत आले असतील तर १०८ क्रमांक, तळापर्यंत येणारा रस्ता आणि एखाद्या गाडीवाल्याचा फोन नंबर आधीच देऊन ठेवा. दरवर्षी फडात आणि ट्रॉलीत बाळंतपणं होतात.

रेशनचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं आहे. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळं धारूरच्या कार्डावरचं धान्य शिरोळच्या दुकानात अंगठा देऊन मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कुटुंबाला पस्तीस किलो. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा वाटा तिथं उचलायचा आणि उरलेला इथं उचलायचा, असंही करता येतं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला, तर सरपंचानं त्याच्या दुकानात जाऊन उभं राहावं. एवढं पुरतं.

पोरांच्या जिवाचं थोडक्यात सांगतो. कठडा नसलेल्या विहिरींना निदान काटेरी फास तरी लावा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडकडच्या मंडळींना सांगायला नको, तोडणी सुरू झाली की बिबट्या उसातून बाहेर पडतो. त्या भागात कोप्या उसाच्या कडेला घालू देऊ नका, गावाजवळ मोकळ्या पडीत घालू द्या. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर नसेल तर गाडी भरू देऊ नका. ट्रॉलीच्या सावलीत पोरं झोपतात, म्हणून गाडी हलवायच्या आधी ड्रायव्हरनं खाली वाकून बघायचं, हे त्याला रोज सांगा. साप चावला तर मांत्रिकाकडं न नेता सरकारी दवाखाना. कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे, ते हंगामाच्या आधी विचारून ठेवा.

आता कारखान्याकडं वळू. आजघडीला राज्यातले जवळपास निम्मे कारखाने खासगी आहेत, तिथं सभासद म्हणून काही विचारता येत नाही, फक्त ऊस घालणारा म्हणून विचारता येतं. पण जिथं आपण सभासद आहोत, तिथं वार्षिक सभेत दरावरून जेवढा आवाज चढतो, त्यातला थोडा या प्रश्नांसाठी ठेवा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ स्थापण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं १० रुपये द्यायचे आहेत. आपल्या कारखान्यानं ते भरले का? तळांवर पाणी आणि संडास आहेत का? मजुरांचा अपघात विमा उतरवला का? तोडणीची मजुरी थेट कोयत्याच्या बँक खात्यावर, तीही बाईचं नाव धरून, जमा करायला काय अडचण आहे? हे शेवटचं जरूर विचारा. निम्मा ऊस ती तोडते आणि हिशेबाच्या वहीत तिचं नावच नसतं.

कुणी म्हणेल, आता हार्वेस्टर आले, हा प्रश्न आपोआप मिटेल. मला तसं वाटत नाही. यंत्राला रुंद सरी आणि मोठं सलग रान लागतं, आणि आपल्याकडं वाटण्या होऊन अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे झालेले आहेत. यंत्रं वाढतील आणि वाढावीत, हे काम माणसानं पिढ्यान्‌पिढ्या करावं असं नाही. पण ज्यांच्या हातून कोयता सुटेल, त्यांच्या हातात त्याआधी दुसरं काही आलं पाहिजे. ते शाळेतून येईल आणि त्यांच्या गावच्या रानातून येईल. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं १९९० च्या दशकात पाणलोटाचं काम केलं, शेततळी घेतली आणि कमी पावसाच्या पट्ट्यात द्राक्षबागा उभ्या केल्या. बालाघाटात प्रत्येक गाव तसं होईल असं नाही, पण पाणी अडलं आणि एक रब्बी पीक पदरात पडलं तरी काही घरं हंगामाला घरी राहतात.

बीड, पाथर्डी, भूमकडच्या वाचकांनाही दोन शब्द. दसऱ्याच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत पाठवा, म्हणजे आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोरांना दोन वेळचं जेवण मिळेल. टोळ्या निघून गेल्यावर वसतिगृह सुरू झालं तर पोरं आधीच ट्रॅक्टरवर बसलेली असतात. संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहं मंजूर झाली, एक मुलांचं आणि एक मुलींचं अशी. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, त्यात जागा आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या. बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, नवऱ्याचा वेगळा आणि बायकोचा वेगळा; अपघाती मृत्यू झाला तर घराला २ लाख रुपये मिळतात. उचल घेताना रक्कम आणि तारीख मुकादमासमोर आपल्या वहीत लिहा, लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. वजनाच्या प्रत्येक पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

परत आपल्या गावाकडं येतो. मार्च लागला की टोळ्या निघायच्या तयारीत असतात आणि तेव्हा गावात यात्रा-जत्रांची गडबड असते, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. गुरुजींनी प्रत्येक मुलाची इथली हजेरी आणि चाचणीचे गुण लिहून, सही-शिक्क्यासह आई-बापाच्या हातात द्यावेत, म्हणजे मूळ शाळेत त्याला पुढच्या वर्गात बसवताना अडचण येणार नाही. अंगणवाडीताईंनी दिलेल्या लसींची नोंद कार्डावर करावी आणि मुलांची नावं पोषण ट्रॅकरवर त्यांच्या गावाकडं वळती करावीत. आणि तुमच्या रानातून किती टन ऊस गेला, त्याचा आकडा तुमच्याकडं असतोच. तो टोळीला कागदावर लिहून द्या. मुकादमाबरोबर हिशेबाला बसताना त्यांच्याजवळ तेवढा तरी कागद असू द्या.